अडवून ठेवलेलं पत्र

मोठे सर म्हणाले, "फुकटात होत असेल तर करा, नाहीतर ते ई-मेलचं सगळं लचांड बंद करून टाका."

मोठे सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. मेडिकलला जायचं असलेली पोरं नांदेड, परभणी, बीदरकडून ट्रंका घेऊन उतरायची आणि ज्याच्याकडे एक रिकामी खोली होती तो घरमालक झाला होता. इतक्या गर्दीत आपण पुढं दिसलं पाहिजे म्हणून मोठ्या सरांनी जाहिरातीत छापून टाकलं की आमच्या होस्टेलवरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला क्लासच्या नावाचा स्वतःचा ई-मेल पत्ता मिळेल. छापून झाल्यावर त्यांनी मला बोलावून विचारलं, हे असं करता येतं का? क्लासच्या कॉम्प्युटरांचं सगळं माझ्याकडे होतं. एका जुन्या मशीनवर मी ई-मेलचा सर्व्हर उभा केला आणि सरांची अब्रू राखली.

त्या पत्त्यांचा उपयोग फार थोड्या पोरांना होता. बापाला शेतात फोन लागत नाही तिथं ई-मेल कोण करणार? पण ज्यांचे भाऊ, बाप, मामा आखाती देशांत कामाला होते, त्यांना मात्र ते फार मोलाचं होतं. आणि मग व्हायरस सुरू झाले. पत्राला जोडलेली फाईल उघडली की मशीन बसलं. एकदा सराव परीक्षेचा पेपर ज्या मशीनवर होता तेच सकाळी उठेना, आणि मोठे सर फुकटाच्या गोष्टीवर आले.

फुकटातलं औषध होतं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, सर्व्हरवर बसणारा एक स्कॅनर मिळायचा. आलेलं पत्र पोराच्या खात्यात पडायच्या आधी तो ते उघडायचा, जोडलेली फाईल तपासायचा आणि व्हायरस सापडला तर पत्र वेगळ्या फोल्डरमध्ये अडवून ठेवायचा. तो उतरवून घ्यायला माझा जीव गेला. इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवर चालायचं. ऑफिसात कुणी फोन उचलला की अर्धं उतरलेलं सगळं वाया. मी फोनवर चिठ्ठी चिकटवली, "कृपया उचलू नये." तरी लोक उचलायचे आणि वर मलाच म्हणायचे, आत कसला तरी कर्कश आवाज येतोय, जरा बघा.

शेवटी तो बसला. स्कॅनर चालतो का हे बघायला एक साधी फाईल मिळते. तिच्यात अपाय काही नसतो, पण सगळे स्कॅनर तिला व्हायरस म्हणून ओळखतात. ती मी माझ्याच पत्त्यावर पाठवली. स्कॅनरनं ती पकडली. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण खोलीत फक्त मशिनं होती.

पत्र अडवलं की ज्याचं आहे त्याला कळवणारी एक सूचना आपोआप जायची. नमुना इंग्रजीत होता. मी तो बदलून रोमन अक्षरांत मराठी मजकूर लिहिला, कारण तेव्हा मराठी अक्षरं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर धड पोचत नसत. माझ्या डोक्यात पोस्टाचं रजिस्टर पत्र होतं. पोस्टमन येऊन गेला, तुम्ही घरी नव्हता, की तो चिठ्ठी टाकून जातो, तसं मी अदबीनं लिहिलं: अमुक यांनी आपणांस पाठवलेल्या पत्रात विषाणू आढळल्याने ते थांबवून ठेवले आहे. पत्र हवे असल्यास संगणक कक्षात भेटावे. 'अमुक' च्या जागी पाठवणाऱ्याचं नाव सर्व्हर आपणहून घालायचा. मला ती भाषा फार आवडली होती.

रोज सकाळी सर्व्हर मलाही एक पत्र लिहायचा. काल कुणाच्या खात्यात किती पत्रं आली, किती तपासली, किती अडवली. माझ्या पत्त्यावर येणारं ते एकमेव पत्र. मी ते चहा घेत शेवटपर्यंत वाचायचो. हसू नका. ज्याला कुणी लिहीत नाही तो काहीही शेवटपर्यंत वाचतो.

मला लिहायला कुणी नव्हतं, कारण आमचं गाव भूकंपात गेलं. मी तेव्हा नांदेडला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर होतो, म्हणून राहिलो. आई, आबा, धाकटी बहीण, तिघंही घरातच होती. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, सरळ गल्ल्यांचं, आणि त्यातलं एक घर माझ्या नावावर केलं. त्याला मी कुलूप लावून ठेवलं. लातुरात क्लासच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली, मेसचा डबा आणि दिवसभर मशिनं, असं माझं चाललं होतं. दिवाळीत सगळं लातूर रिकामं व्हायचं. मी सर्व्हरकडे बघायला कुणीतरी हवं असं सांगून राहायचो आणि मोठे सर मला कामसू म्हणायचे.

एका रविवारी दुपारी सगळी बॅच परीक्षेला बसली असताना एक मुलगी संगणक कक्षाच्या दारात येऊन उभी राहिली. नांदेडची, आमच्या मेडिकलच्या बॅचमधली. पेपर लवकर देऊन आली होती. डोक्यावरची ओढणी नीट करत म्हणाली, "सर, माझं पत्र अडकलंय म्हणे तुमच्याकडं. घ्यायला आले."

मी यादी बघितली. तिच्या नावाचं एक पत्र होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला, तर आडनाव तिचंच.

"भाईजानचं हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "भाईजान गेल्या उन्हाळ्यात वारला, सर. दुबईत, कामावर. छातीत कळ आली म्हणे. मिट्टी तिकडंच दिली. आमच्यातलं कुणी गेलं न्हाई."

माझ्या अदबशीर चिठ्ठीनं काय केलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. मी तिला बसायला सांगितलं आणि समजावू लागलो. हे व्हायरस कुणाच्या तरी मशीनमध्ये शिरतात, तिथं साठलेले पत्ते गोळा करतात, त्यातला एक पत्ता पाठवणारा म्हणून लावतात आणि दुसऱ्याला पाठवून देतात. ज्याचं नाव असतं त्याला याची खबरही नसते.

"मग त्याचंच नाव का लावलं?"

"व्हायरसला काय कळतंय? जे हाताला लागलं ते."

तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं पटलं. मग म्हणाली, "त्यानं आधीच लिहिलेलं असंल तर? रस्त्यात कुठं अडकून राहिलं असंल, अन् आता आलं असंल. असं होत न्हाई का, सर?"

असं होत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही.

भूकंपानंतर गावाकडचं सगळं उरकून मी नांदेडला होस्टेलवर परत आलो, तेव्हा माझ्या कॉटवर आबांचं पोस्टकार्ड पडलं होतं. भूकंपाच्या आदल्या दिवशी त्यांनी पोस्टाच्या डब्यात टाकलं असणार. गावाचा शिक्का स्पष्ट होता. चि. यास आशीर्वाद, इकडे सर्व क्षेम, येताना टॉर्चचे सेल आण, इथले लवकर उतरतात. बस, एवढंच. मी ते वाचलं आणि सरळ दुकानात जाऊन दोन सेल घेऊन आलो. का आणले ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. ते माझ्या ट्रंकेत कितीतरी दिवस होते. त्यामुळं मेलेल्या माणसाचं पत्र येत नाही, हे मी तरी कुणाला सांगू शकत नव्हतो.

मी अडवलेलं पत्र उघडलं आणि फाईलला हात न लावता वरचा मजकूर तिला दाखवला. इंग्रजीतल्या दोन ओळी होत्या: तुम्ही मागितलेली फाईल जोडली आहे, कृपया बघावी.

"भाईजानला इंग्रजी येत नव्हतं," ती म्हणाली. पण नजर पडद्यावरून हलली नाही. "फाईलीत काय हाय?"

"व्हायरस."

"तुम्ही उघडून बघितली?"

"नाही. उघडता येत नाही."

"मग कशावरून?"

तिला माझ्याशी वाद घालायचा नव्हता. तिला भाऊ हवा होता, आणि मी त्याच्या नावाचं पत्र कुलपात घालून बसलो होतो. मी म्हणालो, "हे कुठून निघालं ते मी शोधून काढतो. मग तर विश्वास ठेवशील?" ती हो म्हणाली नाही, पण गेली.

ई-मेलच्या डोक्यावर ते कुठून कुठं आलं याच्या ओळी असतात, पोस्टाच्या शिक्क्यांसारख्या. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत, सर्व्हरवाल्याला दिसतात. पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं, पण या ओळी व्हायरसला पुसता येत नाहीत. पत्र दुबईहून निघालंच नव्हतं. ते नांदेडच्या टेलिफोन लाइनवरून निघालं होतं आणि मशीननं स्वतःचं नाव सांगितलं होतं, टायपिंग तीन. मी मुलीला विचारलं, नांदेडमध्ये तुमच्या घरचे ई-मेल कुठून करायचे? ती म्हणाली, "अब्बांच्या दुकानाशेजारी टायपिंग इन्स्टिट्यूट हाय. आता त्याचं सायबर कॅफे केलंय. भाईजानचं खातं तिथंच काढलं होतं." आणखी एक पत्र त्या आठवड्यात आलं. पुन्हा भावाचं नाव, पुन्हा तेच मशीन. ते मशीन साफ केल्याशिवाय हे थांबणार नव्हतं.

शुक्रवारी रजा टाकून मी नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचलो. पॉलिटेक्निक सोडल्यापासून मी नांदेडला जायचं टाळलं होतं. स्टँडवरून होस्टेलच्या बाजूला न बघता रिक्षात बसलो.

जुन्या शहरात शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान, आणि त्याला लागून कॅफे. मागच्या भिंतीशी जुने टाइपरायटर कापडाखाली झाकून ठेवलेले, पुढं प्लायवूडची खोपटी आणि त्यांत कॉम्प्युटर. चालवणाऱ्या बाई पूर्वी टायपिंग शिकवायच्या. मी कोण, कुठला, ते सांगितलं आणि म्हणालो, तुमच्या तीन नंबरमध्ये व्हायरस आहे, साफ करून देतो. बाई म्हणाल्या, "हाव, करा की. पण जरा थांबा. चाचांचा टाइम झालाय. जुम्म्याला तीन नंबर त्यांचाच असतो."

नमाज आटोपून एक म्हातारा आला. टोपी खिशात ठेवली, तीन नंबरसमोर बसला. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. म्हातारा बोलू लागला.

"बेटा, सलाम. इधर सब खैरियत है. बारिश नहीं हुई. तेरी बहेन के नंबर अच्छे आए, पिछली बार से जादा. चष्मा बदलाया उसका. तेरी अम्मी के घुटने वैसेच हैं, गोली नक्को बोलती. तू अपना खयाल रख."

बाईंनी सगळं रोमन अक्षरांत टाइप केलं, एकदाही न थांबता. पत्ता त्यांना पाठ होता. तो मलाही पाठ झालेला होता. आमच्या सर्व्हरवर दोनदा अडवलेला तोच पत्ता.

उठून जावं असं वाटलं. पण बाईंनी ओळख करून दिली, हे लातूरहून आलेत, पोरीच्या क्लासमधून. म्हातारा घाबरून उभा राहिला. "पोरगी बरी हाय ना?"

बरी आहे म्हणालो. तिच्या खात्यात व्हायरस येतोय, त्यासाठी आलोय. त्यांनी मला दुकानात नेलं, चहा मागवला. सुटं केलेलं एक शिलाई मशीन पुढ्यात होतं, ते बाजूला सारलं. मी काहीच विचारलं नाही. तेच म्हणाले, "मला ठाऊक हाय तो न्हाई ते. मी येडा न्हाई, सर. जुम्म्याला त्याला लिहायची सवय हाय, तेवढं चालू ठेवलंय."

मी मान हलवली.

"पोरीला नका सांगू. ती रडत बसंल. तिला डॉक्टर व्हायचंय. मी फोनवर बी त्याचं नाव काढत न्हाई, नुस्ते मार्क विचारतो."

मी तीन नंबर साफ केलं. आमच्या सर्व्हरवर जो स्कॅनर बसवला होता त्याचाच विंडोजवर चालणारा भाऊबंद मी सीडीवर आणला होता, तोही फुकटचाच. तो बसवला, रोज नवीन व्हायरसांची ओळख कशी उतरवून घ्यायची ते बाईंना दाखवलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला रडू आलं. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटत होता. त्याच्याकडे पत्ता तरी होता.

सोमवारी मुलगी दारात होतीच. "कुठून आलं होतं, सर?"

बापानं पोरीला सांगू नका म्हटलं होतं. पण हिला काय सांगू? ते भावाचं नव्हतंच म्हणावं, तर ती पुढच्या पत्राची वाट बघणार. व्हायरस म्हणावं, तर ते आधीच सांगून झालेलं. ती वही छातीशी धरून उभी होती. तिची परीक्षा जवळ आलेली आणि डोळ्यांखाली काळं आलेलं.

"नांदेडहून," मी म्हणालो. "कॅफेतल्या तीन नंबरच्या मशीनवरून. साफ केलं. आता येणार नाही."

"तिथं भाईजानचं नाव अजून कसं काय? तो जाऊन वर्ष होत आलं."

"अजून कुणीतरी तिथं बसून त्याला लिहितं."

कोण, हे तिनं विचारलं नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं घरात कुणाला त्याची यादच न्हाई. फोनवर नुस्ते मार्क विचारतात." आणि तिथंच, माझ्या खुर्चीवर बसून, ती जी रडली ती पोटभर रडली. मी पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. पुढच्या शुक्रवारी ती रजा घेऊन नांदेडला गेली. रेक्टरबाई कुरकुरल्या, परीक्षेच्या तोंडावर कसली रजा म्हणून. परत आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "बाई बाजूला झाल्या. टाइप मी केलं."

परीक्षेनंतर निकालाची वाट बघत ती घरीच होती, तेव्हा एकदा तिचा क्लासच्या नंबरवर फोन आला. अब्बांचं पत्र परत आलं होतं. फुकटातलं खातं बरेच महिने कुणी उघडलं नाही, म्हणून कंपनीनं ते बंद करून टाकलं होतं. या नावाचं इथं कुणी नाही, असं इंग्रजीत लिहून आलं. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला आणि अब्बांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

"सर, तुमच्या सर्व्हरवर भाईजानला पत्ता देता येतो का?"

पत्ते फक्त होस्टेलच्या विद्यार्थ्यांसाठी होते. मी मोठ्या सरांना विचारलं नाही. पत्ता काढून दिला. कुणी उघडायचं नाही, पण बंदही करायचं नाही, असं ठरलं. तेव्हापासून दर शुक्रवारी नांदेडहून एक पत्र यायचं, स्कॅनर ते तपासायचा आणि त्या खात्यात नेऊन ठेवायचा. मी ते कधी वाचलं नाही.

पण ते खातं काढलं त्याच दुपारी मी तिथून उठलो नाही. मशीन पुढच्या नावाची वाट बघत होतं. मी आबांचं नाव घातलं. त्या नव्या पत्त्यावर पत्र सुरू केलं, दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं: आबा, कार्ड मिळालं. सेल तेव्हाच आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरचं पत्र आलं. काल आबांच्या खात्यात एक पत्र पोचलं, तपासलं, अडवलेलं नाही. चहा गार होईपर्यंत मी ते वाचत होतो.